हिचकॉकची शेपटे

कलाटणीच्या कथेला शेपूट जोडले की ती मरते, असे माझे मत आहे. आल्फ्रेड हिचकॉकने मात्र अमेरिकन दूरदर्शनवर अशी शेपटे कितीदा तरी जोडली. ती का जोडावी लागली, हा इतिहास त्या कथांहून कमी रंजक नाही.

'आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स' २ ऑक्टोबर १९५५ रोजी सुरू झाले. दर खेपेस अर्ध्या तासाची स्वतंत्र कथा. १९६२ पासून ती तासाची झाली आणि १९६५ मध्ये सारे आटोपले. गूनोच्या संगीतावर त्या स्थूल गृहस्थाची सावली येई. मग तो स्वतः येऊन, ज्यांच्या पैशावर कार्यक्रम चाले त्या जाहिरातदारांचीच टवाळी करी. ही भाषणे लिहून देत असे जेम्स अ‍ॅलरडाइस.

१९५८ मधली रोआल्ड डालची कथा घ्या. बायको गोठलेल्या मेंढीच्या तंगडीने पोलीस-नवऱ्याचा जीव घेते आणि तपासाला आलेल्यांनाच ती भाजून खाऊ घालते. ती हसते, कथा संपते. पण गुन्हेगार सुटलेला दूरदर्शनच्या नीतिनियमांना कसा खपावा? तेव्हा हिचकॉक सांगतो, दुसऱ्या नवऱ्यावर हाच प्रयोग करताना बाई सापडली. शीतपेटी चालू करायला तो विसरल्याने मांस मऊच राहिले होते! चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगितलेल्या या न्यायावर विश्वास ठेवणारा प्रेक्षक मला तरी डोळ्यांपुढे आणता येत नाही. नियम पाळला गेला, आणि त्याची फजितीही झाली.

जाहिरातदार मात्र टवाळी सोसत, भय नव्हे. रॉबर्ट ब्लॉकची जादूगाराच्या करवतीची कथा १९६२ मध्ये त्यांनी अडवली. तिला कोणतेच शेपूट वाचवू शकले नाही.