बाटली क्रमांक 53-एन

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यातील मुल्कोवाल गावात 107 माणसांनी प्लेगची लस टोचून घेतली. लस मुंबईहून, परळच्या प्रयोगशाळेतून आली होती. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या गेल्या. आठवडा उलटला आणि लस घेतलेल्यांतल्या काहींचे जबडे आवळू लागले. धनुर्वात झालेले 19 जण निघाले आणि ते सगळेच दगावले. बाकीच्या 88 जणांना काही झाले नाही. कोणाला कोणत्या बाटलीतली लस दिली हे लिहून ठेवलेले होते, म्हणून उलगडा झाला. त्या 19 जणांना एकाच बाटलीतली लस टोचली होती. तिच्यावर क्रमांक होता 53-एन.

ही लस देणे बरोबर होते का? उत्तर द्यायचे तर तराजूची दोन्ही पारडी भरावी लागतात. मुल्कोवालच्या पारड्यात काय आहे ते स्पष्ट दिसते. दुसऱ्या पारड्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या जुजबी जागेत त्यांनी लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ती घेतल्यावर ताप येई, दंड सुजे, एक-दोन दिवस हात उचलवत नसे. मोलमजुरी करणाऱ्याला तेवढा खाडाही परवडणारा नव्हता. त्यामुळे लोकांचा सवाल रास्त होता: धडधाकट माणसाने हे दुखणे अंगावर ओढून का घ्यावे?

याचे सर्वांत नेटके उत्तर बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावाने दिले. 1898 च्या सुरुवातीला तिथे गावकऱ्यांना घराघराने बसवले गेले. प्रत्येक घरातली वय, लिंग आणि प्रकृती पाहून सारखी वाटणी केली, आणि निम्म्यांना लस दिली. एकच छप्पर, एकच चूल, उंदीरही तेच, फरक फक्त लशीचा. पुढे ज्या 28 घरांत प्लेग शिरला, त्यांत लस न घेतलेले 64 जण होते. त्यांतल्या 27 जणांना गाठी आल्या आणि 26 जण मेले. लस घेतलेले 71 जण होते. त्यांतले 8 जण आजारी पडले, 3 मेले.

आकडे लहान आहेत, पण त्यांची मांडणी खणखणीत आहे. त्याच वेळी लस घेऊनही गेलेले ते तीन जीव नोंदीत जसेच्या तसे आहेत, ते कोणी झाकले नाहीत. लस अभेद्य कवच आहे, असा दावा ही नोंद करत नाही.

आता पंजाबचा 1902-03 चा हंगाम पाहू, म्हणजे मुल्कोवालचाच हंगाम. ज्या गावांत दहा टक्क्यांहून अधिक लोकांनी लस घेतली होती, तिथली गणना उपलब्ध आहे. लस न घेतलेल्या 6,39,630 जणांत प्लेगचे 49,433 रोगी झाले आणि 29,723 मेले. लस घेतलेल्या 1,86,797 जणांत 3,399 रोगी झाले आणि 814 मेले. हजारी हिशेब केला तर लस न घेतलेल्यांत सुमारे 46 मृत्यू पडतात, घेतलेल्यांत चारच्या आसपास.

घेतलेले लोकही न घेतलेल्यांच्याच प्रमाणात मेले असते, तर 814 च्या जागी साधारण 8,680 मृत्यू झाले असते. म्हणजे जवळपास 7,900 जीव वाचले.

हा आकडा मात्र डोळे मिटून स्वीकारू नये. उंढेऱ्यात वाटणी घरातल्या घरात झाली होती. पंजाबात लस घ्यायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवले. पुढे येणारे कदाचित अधिक सुस्थितीतले असतील, घर सोडून शेतात राहायला जाणारेही तेच असतील. म्हणून हिशेबात निम्मी सूट देऊ. तरीही वाचलेले जीव सुमारे 3,900 उरतात. समोरच्या पारड्यात 19.

इथे थांबून तराजू खाली ठेवला तर मात्र त्या 19 जणांवर अन्याय होईल. त्यांचे मरण टाळता येण्याजोगे होते.

चौकशीसाठी आयोग नेमला गेला. मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने ठपका परळवर ठेवला: जंतू बाटली उघडण्यापूर्वीच आत गेले असावेत. पंजाबची मोठी मागणी भागवण्यासाठी परळचे प्रमुख हाफकिन यांनी नवी पद्धत वापरली होती आणि तिच्यात नेहमीचे अर्धा टक्का कार्बॉलिक अॅसिड वगळले होते. आयोगाला ही गंभीर चूक वाटली.

पण साक्षींमध्ये आणखी एक गोष्ट होती. बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो उचलला, कार्बॉलिकच्या पाण्यात हलवला आणि त्यानेच बूच ओढले. चिमटा ज्योतीवर धरला गेला नाही. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात आणि कार्बॉलिकने ते झटपट मरतही नाहीत. लस देणारे डॉ. एलियट यांनी वापरण्यापूर्वी बाटलीचा वास घेतला होता. दुर्गंधी आली नाही, असे त्यांनी सांगितले. बाटली भरून सुमारे सहा आठवडे झाले होते. परळलाच जंतू शिरला असता तर इतक्या दिवसांत तो वाढून घाण सुटली असती. चिमटा आणि वास या दोन बारीकशा नोंदी एकत्र ठेवल्या की संशयाची सुई परळहून मुल्कोवालच्या मातीकडे वळते.

हाफकिन यांना परळच्या प्रमुखपदावरून दूर व्हावे लागले. चौकशीचे कागद सरकारने 1906 च्या अखेरीस प्रसिद्ध केले, म्हणजे घटनेनंतर चार वर्षांनी. ते वाचून लंडनचे प्राध्यापक सिम्प्सन आणि हिवतापाचे संशोधक रोनाल्ड रॉस पुढे सरसावले. जुलै 1907 मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र आले: हाफकिन यांच्यावरचा आरोप सिद्ध झालेला नाही. हाफकिन त्याच वर्षी भारतात परतले, ते कलकत्त्याला. त्याच वर्षी देशात प्लेगने 13 लाखांवर माणसे मेली.

ती चार वर्षे मला सर्वांत जास्त खुपतात. मुल्कोवालच्या शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याने कशावर विसंबून निर्णय घ्यायचा होता? 19 माणसे मेली हे त्याच्या कानावर आले होते. ती का मेली, दोष लशीच्या रसायनात होता की बूच उघडणाऱ्या हातात, हे सांगणारे कागद दप्तरात बंद होते. दोष लशीचा असेल तर लस नाकारणे शहाणपणाचे, हाताळणीचा असेल तर चिमटा तापवून घेण्याचा आग्रह धरणे शहाणपणाचे. हा निवाडा करण्याचा त्याचा हक्क होता, आणि त्यासाठी लागणारे पुरावे त्याच्यापासून लपवले गेले.

शिवाय दोन्ही पारडी माणसाला सारखी दिसत नाहीत. 53-एन मुळे गेलेल्यांची नोंद नावानिशी झाली, त्यांच्या घरी रडणे झाले. लशीने वाचलेली हजारो माणसे कोणाला दाखवता येत नाहीत, कारण त्यांच्या आयुष्यात काही घडलेच नाही. ती नांगरणीला गेली, लेकीबाळींची लग्ने करून म्हातारी झाली. त्यांचा पत्ता फक्त मोजणीतून लागतो. म्हणून उंढेऱ्यात घराघराने केलेली नोंद मला एवढी मोलाची वाटते.

परळची ती प्रयोगशाळा 1925 पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. आज लस घेतल्यावर मिळणाऱ्या कागदावर लशीच्या नावाशेजारी अनेकदा बॅच क्रमांक असतो, आपण तो वाचतही नाही. मुल्कोवालला असाच एक क्रमांक लिहिलेला होता. त्यामुळे 19 आणि 88 वेगळे करता आले, चार चांगल्या बाटल्यांवरचा कलंक पुसता आला आणि 19 जणांच्या मरणाचे कारण शोधता आले.