कोविड–१९ मधील हृद्‌रोग व रक्तवाहिनीविकार

कोविड–१९ मधील हृद्‌रोग व रक्तवाहिनीविकार : सार्स–कोव्ह–२ या व्हायरसामुळे होणाऱ्या कोविड–१९ या रोगाच्या तीव्र अवस्थेत, विशेषतः अतिदक्षता विभागातील रुग्णांत, हृदय व रक्तवाहिन्या यांत उद्‌भवणाऱ्या विकारांचा गट. हृद्‌स्नायूंची इजा, हृद्‌स्नायुशोथ (हृदयाच्या स्नायूंची दाहयुक्त सूज), हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितपणा, नीलांतील व फुप्फुस-रोहिणीतील रक्ताच्या गुठळ्या, हृद्‌रोहिणी बंद पडून येणारा झटका आणि पक्षाघात यांचा त्यात समावेश होतो. हा रोग प्रारंभी केवळ श्वसनमार्गाचा मानला गेला होता. तो रक्तवाहिन्यांचाही आहे, ही जाणीव २०२० च्या पूर्वार्धात होत गेली.

महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. राज्यातील पहिला मृत्यू १७ मार्च रोजी मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात नोंदला गेला. त्या रुग्णाविषयी देण्यात आलेल्या अधिकृत माहितीत अतिरक्तदाब व न्यूमोनिया यांबरोबर हृद्‌स्नायूंच्या सुजेचाही उल्लेख होता. अशा प्रकारे राज्यातील साथीच्या पहिल्याच मृत्यूच्या नोंदीत हृदयाचा विकार आलेला दिसतो. त्याच महिन्यात चीनमधील वूहान येथील ४१६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सु. २०% रुग्णांत हृद्‌स्नायूंना इजा झाल्याचे रक्ततपासणीवरून दिसून आले होते. अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक दगावले, तर इजा नसलेल्यांत मृत्यूचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी होते.

विकृतिविज्ञान : हा व्हायरस पेशींच्या पृष्ठभागावरील एसीई–२ या प्रथिनाला चिकटून आत शिरतो. हे प्रथिन फुप्फुसांप्रमाणेच हृदय व रक्तवाहिन्या यांतही असते. झुरिक येथील वैद्यांनी एप्रिल २०२० मध्ये रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातील शोथाचे वर्णन केले. गुठळी होण्यास वाहिनीच्या भित्तीची इजा, रक्तप्रवाहाची मंदगती व रक्ताची वाढलेली क्लथनक्षमता (साकळण्याची क्षमता) या तीन गोष्टी कारणीभूत होतात, हा विचार रूडोल्फ फिरखो या जर्मन विकृतिवैज्ञानिकाच्या नावाने प्रचलित आहे. अतिदक्षता विभागातील कोविड-रुग्णात या तिन्ही गोष्टी एकत्र येतात : अंतःस्तराला शोथ होतो, रुग्ण दिवसचे दिवस निश्चल पडून राहतो आणि तीव्र प्रतिकार-प्रतिक्रियेमुळे रक्त साकळू लागते. नेदर्लंड्समधील तीन रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतील १८४ रुग्णांपैकी सु. ३१% रुग्णांत गुठळ्यांमुळे उद्‌भवलेले उपद्रव आढळले. शवविच्छेदनात फुप्फुसांतील वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांतील सूक्ष्म गुठळ्या इन्फ्ल्यूएंझाच्या तुलनेने सु. नऊपट दिसून आल्या. रक्तातील ऑक्सिजन घटल्याने हृदयावर पडणारा ताण व आधीपासूनचे मधुमेह, अतिरक्तदाब, हृद्‌रोहिणीविकार यांमुळे धोका वाढतो.

उपचारांचा इतिहास : प्रारंभी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे हिवतापावरील औषध सर्रास दिले गेले. त्यामुळे हृदयाची विद्युत्‌ क्रिया बिघडू शकते. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत जून २०२० मध्ये ते निरुपयोगी ठरले. त्याच चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त व जुन्या औषधाने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सु. एक-तृतीयांशाने घटल्याचे दिसून आले. रक्त साकळू न देणाऱ्या हिपॅरिनाचा अनुभव अधिक गुंतागुंतीचा होता. गुठळ्या होतात, तेव्हा मोठी मात्रा द्यावी, असा तर्क सहज सुचणारा होता. मात्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत अशा मात्रेचा लाभ मध्यम आजारी रुग्णांनाच झाला. अतिगंभीर रुग्णांना झाला नाही. यावरून रक्तवाहिन्यांची हानी एका मर्यादेपलीकडे गेल्यावर गुठळीविरोधी उपचार पुरेसे ठरत नाहीत, असे दिसते.

महाराष्ट्रातील परिस्थिती : वरील ज्ञानाचा उपयोग खाट, ऑक्सिजन व प्रशिक्षित परिचारिका उपलब्ध असतील, तरच होतो. रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील करंजाडे ही सिडकोने विकसित केलेली वसाहत याचे उदाहरण म्हणून घेता येते. पनवेल परिसरात एप्रिल २०२० च्या प्रारंभी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांना लागण झाल्याचे आढळले. पुढे पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय कोविड-रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आले, तर वाशी येथील सिडकोच्या प्रदर्शन केंद्रात मोठे उपचार केंद्र उभारण्यात आले. अशा नव्या वसाहतींतील अत्यवस्थ रुग्णाला पनवेल, कामोठे, नवी मुंबई वा मुंबई येथे हलवावे लागे. हृदय व फुप्फुसे दोन्ही निकामी होत असताना या प्रवासात जाणारा वेळ निर्णायक ठरू शकतो.

एप्रिल २०२१ मधील दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनाची टंचाई सर्वत्र जाणवली. नाशिक येथे २१ एप्रिल रोजी एका रुग्णालयाच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला व किमान २२ रुग्ण मरण पावले. त्यानंतर राज्यात म्यूकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद पाडते व ऊतकांचा नाश करते. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडांचा अतिवापर ही तिची प्रमुख कारणे होत. टाळेबंदीच्या काळात हृद्‌विकाराच्या झटक्याने आजारी झालेले अनेक रुग्ण संसर्गाच्या भीतीने रुग्णालयात उशिरा पोहोचले वा पोहोचलेच नाहीत.

उत्तरपरिणाम व मृत्यूंची नोंद : अमेरिकेतील दीड लाखांहून अधिक माजी सैनिकांच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोविड होऊन गेल्यावर वर्षभर हृद्‌विकार व पक्षाघात यांचा धोका वाढलेला आढळला, अतिदक्षता विभागात राहिलेल्यांत तो सर्वाधिक होता. या निष्कर्षाला सामाजिक बाजूही आहे. महाराष्ट्रात कोविडने झालेल्या मृत्यूंची अधिकृत संख्या १,४८,००० हून अधिक असून ती देशातील राज्यांत सर्वाधिक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२१ मधील आदेशानंतर मृताच्या कुटुंबास ५०,००० रुपये साहाय्य ठरविण्यात आले. चाचणी वा निदानापासून ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू, तो रुग्णालयाबाहेर झाला असला तरी, कोविडचा मानावा, तसेच रुग्णालयात दाखल असलेला रुग्ण त्यानंतर दगावला तरी तोही धरावा, असे केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले. तथापि बरा होऊन घरी परतलेला व दोन-तीन महिन्यांनी हृदयविकाराने दगावलेला रुग्ण या व्याख्येत बसत नाही. अशा मृत्यूच्या दाखल्यावर केवळ हृदयविकाराचीच नोंद होण्याचा संभव असतो. त्यामुळे या साथीने घेतलेल्या बळींची मोजणी करताना रक्तवाहिन्यांतून झालेली हानी विचारात घेणे आवश्यक ठरते.