माहुताचे वीस दाम

बेतवा नदीच्या काठी वसलेले एरच हे आज झाशी जिल्ह्यातील एक लहानसे नगर आहे. अकबराच्या काळात मात्र ‘इरिज’ या नावाने ते आग्रा सुभ्यातील एका सरकारचे, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारख्या विभागाचे, मुख्य ठिकाण होते. त्या काळी या प्रदेशाच्या भोवती रानटी हत्तींची अरण्ये होती. अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त हत्ती कोठे कोठे सापडतात याची यादी दिली आहे. तीत एरचच्या पश्चिमेचे नरवर, नैऋत्येचे चंदेरी आणि आग्नेयेचे पन्ना ही तिन्ही नावे येतात; पन्न्याचे हत्ती सर्वोत्तम, असेही तो नोंदवतो. 1564 मध्ये माळव्याकडे निघालेला अकबर वाटेत नरवरच्या जंगलात हत्ती पकडण्यासाठी थांबला होता. आज या टापूत रानटी हत्ती उरलेला नाही. जी माणसे त्या हत्तींना पकडत, माणसाळवत आणि रोज त्यांच्या मानेवर बसत, त्यांच्याविषयीची काही माहिती मात्र कागदावर टिकून राहिली. हिंस्र किंवा बलाढ्य वन्य प्राण्यांच्या निकट काम करण्यात कोणता धोका असतो आणि त्याचे मोल कोण चुकवतो, याचा तो आपल्याकडील एक जुना आणि तपशीलवार दस्तऐवज आहे.

‘आईन’मध्ये शाही पिलखान्याच्या सेवकांचे वेतन दिलेले आहे. हत्तीच्या मानेवर बसून त्याला चालवणारा तो माहूत. मागे पुठ्ठ्यावर बसून लढाईत साहाय्य करणारा आणि प्रसंगी माहुताचे काम करणारा तो भोई. वैरण आणणारे, झूल व साज चढवणारे ते मेठ. माहुताला महिन्याला 200 दाम मिळत, भोयाला 110. चाळीस दामांचा एक रुपया, म्हणजे माहुताचे मासिक वेतन पाच रुपये. यापुढचा तपशील अधिक बोलका आहे. हत्ती खोडकर असेल, आपल्या माहुताला खाली ओढून पाडण्याची त्याला खोड असेल, तर त्याच्या माहुताला 200 ऐवजी 220 दाम द्यावेत, असा नियम होता. जिवाच्या जोखमीबद्दल दरमहा वीस दाम, म्हणजे अर्धा रुपया, अधिक. व्यवसायातील धोक्यासाठी राज्याने लेखी ठरवून दिलेला असा भत्ता सोळाव्या शतकात आढळावा, ही लक्षणीय गोष्ट आहे. राज्याला धोका ठाऊक होता. तो कोणत्या हत्तीपासून अधिक आहे हेही ठाऊक होते. आणि त्याची किंमत मूळ वेतनाच्या एक दशांश ठरवण्यात आली होती.

याच ग्रंथातील दंडाचे नियम या भत्त्याशेजारी ठेवून वाचले पाहिजेत. बादशहाच्या खास हत्तींपैकी एखादा मेला, तर त्याच्या भोयांना तीन महिन्यांचे वेतन दंड म्हणून भरावे लागे. हत्ती मदात यावा म्हणून माहुताने त्याच्या चाऱ्यात औषधी मिसळली आणि त्यामुळे तो मेला, तर माहुताला देहान्त, हात तोडणे किंवा गुलाम म्हणून विक्री यांपैकी शिक्षा होऊ शके. असा नियम करावा लागला याचा अर्थ असे प्रकार घडत होते. मदात आलेल्या हत्तीला युद्धात आणि हत्तींच्या झुंजीत मोठी किंमत होती आणि त्या किमतीपायी माणसे स्वतःचाच धोका वाढवून घेत होती.

मद म्हणजे काय, हे आज बऱ्याच अंशी उलगडले आहे. प्रौढ नर हत्तीच्या डोळा आणि कान यांच्या मधोमध, गंडस्थळावर, एक ग्रंथी असते. साधारणपणे वर्षातून एकदा ती सुजते, तिच्यातून गडद स्राव गालावरून ओघळू लागतो, मूत्र थेंबाथेंबाने सतत गळत राहते आणि रक्तातील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. ही अवस्था काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत टिकते. धष्टपुष्ट नरात ती अधिक काळ राहते, उपासमार झाल्यास लवकर ओसरते. मदातील हत्तीचा आहार कमी करण्याची माहुतांची जुनी रीत याच निरीक्षणावर उभी होती. या काळात हत्ती आज्ञा मानेनासा होतो आणि वर्षानुवर्षे ज्याच्या हातून खाल्ले त्या माहुतावरही तो उलटू शकतो.

भारतीय परंपरेला हे सारे फार पूर्वीपासून परिचित होते. पालकाप्याच्या नावावर असलेले हस्त्यायुर्वेद आणि ‘मातंगलीला’सारखे ग्रंथ मदाच्या अवस्थांचे वर्णन करतात. हत्तीच्या गंडस्थळातून झरणाऱ्या मदाभोवती भुंगे गुंजारव करतात, हा संस्कृत काव्यातील संकेत शतकानुशतके चालत आला. पुष्कळांनी तो निव्वळ कविकल्पना मानला. 2002 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात रासमुसेन, रिडल आणि कृष्णमूर्ती यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. यांतील व्ही. कृष्णमूर्ती हे तमिळनाडूच्या वन विभागातील हत्तींचे ख्यातनाम पशुवैद्य. नव्याने मदात येऊ लागलेल्या तरुण नरांच्या स्रावाला मधासारखा गोड गंध असतो, वयस्क नरांचा स्राव मात्र उग्र आणि दुर्गंधी असतो, असे रासायनिक विश्लेषणातून त्यांनी दाखवून दिले. हा फरक संदेशाचे काम करतो. तरुण नर आपल्या गंधातून ‘मी प्रतिस्पर्धी नाही’ असे सांगतो आणि बलाढ्य नरांशी होणारी झुंज टाळतो. कवींचे भुंगे असे प्रयोगशाळेत पोचले.

याउलट आफ्रिकेत घडले. तेथे हत्तीच्या मानेवर बसून आयुष्य काढणाऱ्या माहुतांची परंपरा नव्हती. आफ्रिकी हत्ती मदात येतच नाही, असा समज विसाव्या शतकात रूढ होता. केनियातील अंबोसेली येथे 1970 च्या दशकात सिंथिया मॉस आणि जॉइस पूल यांना काही नरांच्या अंगी सतत गळणारे मूत्र आणि लिंगावर आलेला हिरवट रंग दिसला, तेव्हा त्यांना प्रथम तो रोग वाटला. तो मद असल्याचे त्यांनी 1981 मध्ये ‘नेचर’मधून जाहीर केले. भारतातील सामान्य माहुताला जी गोष्ट दुरून नुसत्या गालाकडे पाहून कळे, ती सिद्ध व्हायला दुसऱ्या खंडात इतका काळ लागला. निकट सहवासातून मिळणारे ज्ञान असे असते. ते मिळवण्याची किंमत मात्र पुष्कळदा शरीराने मोजलेली असते.

पकडण्याच्या पद्धतींतही हाच हिशोब दिसतो. ‘आईन’मध्ये खेडा, चोरखेडा, गाड आणि बार अशा चार रीती वर्णिल्या आहेत. खेड्यात ढोलांच्या आवाजाने हत्तीला पळवून पळवून दमवत आणि मग दोरखंड टाकत. गाडमध्ये गवताने झाकलेला खड्डा असे, बारमध्ये चर खणून कोंडण्याची युक्ती. चोरखेड्यात मात्र माणसाळलेली हत्तीण रानटी हत्तींच्या चरण्याच्या जागी नेत. तिचा चालक तिच्या पाठीवर पालथा, निश्चल पडून राही आणि संधी मिळताच रानटी हत्तीच्या पायात फास अडकवी. एक हालचाल किंवा एक खोकला चुकीच्या क्षणी झाला, तर दुसरी संधी नव्हती.

धोका कमी करण्याची साधनेही शोधली जात होती. हत्तीच्या डोळ्यांवर सोडता येईल असा जाड कापडाचा पडदा कलाव्याला, म्हणजे गळ्यातील दोराला, बांधलेला असे. हत्ती अनावर झाला की तो खाली सोडत, म्हणजे त्याला पुढचे दिसेनासे होई. या पडद्याचे नाव ‘अंधियारी’. अशुभ वाटते म्हणून अकबराने ते बदलून ‘उजियाली’ केले. झुंजणाऱ्या हत्तींना वेगळे करण्यासाठी पूर्वी जाळ पेटवत, त्याचा फारसा उपयोग होत नसे. त्याऐवजी पोकळ बांबूत दारू भरून दोन्ही टोकांनी पेटवलेली, गरगर फिरत आवाज करणारी ‘चरखी’ आली. तिचे श्रेय अबुल फज्ल बादशहाला देतो.

बादशहाला श्रेय देण्याची ही सवय आणखी एका प्रसंगी दिसते. 1561 मध्ये आग्र्याला, विशीही न ओलांडलेला अकबर ‘हवाई’ नावाच्या अत्यंत उग्र हत्तीवर चढला आणि त्याने त्याची ‘रणबाघ’ या हत्तीशी झुंज लावली. रणबाघ पळाला, हवाई त्याच्यामागे धावला आणि दोघे यमुनेवरील नावांच्या पुलावर शिरले. पुलाच्या नावा हेलकावू लागल्या, लोकांनी पाण्यात उड्या घेतल्या. अकबर वाचला. बसावनच्या आरेखनातून साकारलेले या प्रसंगाचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहाचा धोका असा चित्रात अमर झाला. माहुताचा धोका वेतनपत्रकात वीस दामांच्या रूपाने नोंदला गेला.

हे सारे लिहून ठेवणाऱ्या अबुल फज्लचा शेवटही याच प्रदेशात झाला. ऑगस्ट 1602 मध्ये, दक्षिणेतून आग्र्याकडे जात असताना, शाहजादा सलीमच्या इशाऱ्यावरून ओर्छ्याच्या वीरसिंह बुंदेल्याने त्याला वाटेत ठार केले. पाठलागावर आलेल्या मुघल सैन्याने वीरसिंहाला एरचच्या किल्ल्यात कोंडले. पण रात्री तटाला भगदाड पाडून तो निसटला.

मराठी मुलखात हत्तीशी जवळीक साधण्याचा आणखी एक प्रकार होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात ‘गजवाह्याली’ या राजविनोदाचे वर्णन येते. त्यात मदात आलेल्या हत्तीपुढे चपळ माणसे धावत. या खेळाचेच नाते सांगणारी साठमारी पुढे संस्थानी काळात बडोदा आणि कोल्हापूर येथे भरू लागली. खंडेराव गायकवाडांच्या कारकीर्दीत बडोद्याला आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने ती पाहून तिचे सविस्तर वर्णन केले. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळी या खेळासाठी आगड उभारले गेले. त्याच्या बांधणीतच धोक्याचे गणित दिसते: माणूस आत शिरू शकेल, पण हत्ती शिरू शकणार नाही, इतक्या अरुंद वाटा दगडी भिंतींत ठेवलेल्या असत. साठमाऱ्या हत्तीला डिवची, पळे आणि त्या फटीत शिरे. त्याचे आयुष्य त्या फटीपर्यंतच्या अंतरावर अवलंबून असे.

येथे एक शास्त्रीय भेद लक्षात घेतला पाहिजे. बैल, घोडा, कुत्रा हे हजारो वर्षांच्या निवडीतून घडलेले पाळीव प्राणी आहेत; त्यांचा स्वभावच पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेला. हत्तीचे तसे झाले नाही. माणसाच्या सेवेतील बहुसंख्य हत्ती रानातून पकडून आणलेले असत. पिलखान्यात हत्तींची वीण घेणे पूर्वी अशुभ मानत, असे अबुल फज्लच सांगतो. अकबराने तो संकेत मोडला, पण त्यामुळे नवी जात निर्माण झाली नाही. म्हणून हत्ती माणसाळतो, पाळीव होत नाही. प्रत्येक हत्तीला शिकवण नव्याने द्यावी लागते आणि ती त्याच्यापुरतीच असते. वीस वर्षे शांत राहिलेला हत्ती एकविसाव्या वर्षीही रानातलाच असतो.

आजचे काम बदलले आहे, धोका टिकून आहे. 2025 मध्ये जाहीर झालेल्या, डीएनएवर आधारित गणनेनुसार भारतात सुमारे 22,446 रानटी हत्ती आहेत. त्यांच्या हल्ल्यांत देशात दरवर्षी सुमारे 500 माणसे मृत्युमुखी पडतात. महाराष्ट्रात 2002 पासून कर्नाटकातून सिंधुदुर्गात हत्ती येऊ लागले आणि 2021 मध्ये छत्तीसगडच्या बाजूने आलेला कळप गडचिरोलीत शिरला. त्या कळपावर लक्ष ठेवण्याच्या कामावर असलेला वन विभागाचा एक वाहनचालक 2023 मध्ये हत्तीच्या हल्ल्यात मरण पावला. मानेवर बसणाऱ्या माहुताची जागा आता रात्री विजेरी घेऊन कळपामागे जाणाऱ्या वनरक्षकाने, मजुराने आणि चालकाने घेतली आहे. त्याच्या हाती ड्रोन आणि उष्णतादर्शक कॅमेरे आले आहेत; हत्ती दिसण्याआधी त्याचा ठावठिकाणा कळू शकतो, हा मोठा लाभ आहे. तरी पीक वाचवायचे असो वा वाट चुकलेला हत्ती परत वळवायचा असो, शेवटी कोणीतरी जवळ जावेच लागते.

जवळ जाणाऱ्या त्या माणसाला काय द्यायचे, याचे उत्तर सोळाव्या शतकातील एका राज्याने 220 दाम असे दिले होते. ते तुटपुंजे होते, पण लेखी होते, आणि कोणत्या कामात जीव जाऊ शकतो हे त्यात उघडपणे मान्य केलेले होते. विमा, प्रशिक्षण, पुरेसे मनुष्यबळ आणि मदातील नर ओळखण्याचे ज्ञान या आजच्या काळातील त्या वीस दामांच्या जागी येणाऱ्या गोष्टी आहेत. हत्तीविषयीचे विज्ञान पुढे गेले आहे. त्याच्या सर्वांत जवळ उभ्या असलेल्या माणसापर्यंत ते किती पोचले, यावरूनच त्या प्रगतीचे मोजमाप करावे लागेल.