कर्करोगाचा परकोट

दौलताबादचा किल्ला पाहावयास जाणाऱ्या प्रवाशाची दृष्टी प्रथम शिखराकडे वळते. तासून काढलेला उभा कडा, खडकात खोदलेला खंदक आणि ‘अंधारी’ नावाचा भुयारी मार्ग पाहिला, म्हणजे असा दुर्ग शत्रूच्या हाती पडलाच कसा, असा प्रश्न सहज उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर शिखरावर नाही, ते पायथ्याशी आहे. १६३३ साली मोगल सेनापती महाबतखान याने किल्ल्यास वेढा घातला, तेव्हा तो कडा चढून गेला नाही. सुरुंग लावून त्याने बाहेरचे कोट पाडले, रसद तोडली, आत उपासमार सुरू झाली आणि मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान याने किल्ला स्वाधीन केला. दुर्गाचे बळ दुर्गाभोवतीच्या व्यवस्थेत असते, हे युद्धशास्त्रास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कर्करोगाच्या बाबतीत हेच तत्त्व उमगावयास वैद्यकास मात्र शतकाहून अधिक काळ लागला.

कर्करोग म्हणजे शरीराचे नियम झुगारून बेबंद वाढणाऱ्या पेशी, ही व्याख्या खोटी नव्हे. पण ती अपुरी आहे. कोणतीही गाठ केवळ अशा पेशींची बनलेली नसते. त्यांच्या भोवती आधाराचे तंतू असतात, ते तंतू विणणाऱ्या पेशी असतात, नव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्या असतात आणि शरीराच्या संरक्षक पेशीही असतात. बोटांना जो टणकपणा लागतो, तो पुष्कळदा या तंतूंचाच असतो. हाच कर्करोगाचा परकोट होय.

या परकोटाकडे प्रथम लक्ष गेले ते युरोपात. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो यास १८६३ साली गाठींमध्ये रक्तातील पांढऱ्या पेशी आढळल्या, आणि दीर्घकालीन दाहाचा या रोगाशी संबंध असावा, असे अनुमान त्याने बांधले. पुढे १८८९ साली लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग रक्ताबरोबर वाटेल तेथे वाहत जात असेल, तर तो सर्व अवयवांत सारखाच रुजावयास हवा होता. प्रत्यक्षात यकृतात तो वारंवार सापडला, प्लीहेत मात्र क्वचित. पॅजेट यांनी निष्कर्ष काढला की, बी चहूकडे पडते, परंतु उगवते ते मानवणाऱ्या भूमीतच. ज्याने शेती पाहिली आहे, त्यास या विचाराचे नवल वाटणार नाही. तरीही पुढील कित्येक दशके संशोधकांचे सारे लक्ष बियाण्यावरच खिळून राहिले.

भूमीचा विचार किती निकडीचा आहे, हे महाराष्ट्रात दिसून आले ते मुखाच्या कर्करोगाच्या निमित्ताने. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुखाच्या कर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानंतर १९५२ साली श्वार्ट्झ या वैद्यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांच्या मुखातील एका चमत्कारिक विकाराचे वर्णन केले, आणि १९५३ साली मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी तोच विकार येथे दाखवून त्यास ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव दिले. या विकारात गालाच्या अस्तराखालील मऊ थर हळूहळू घट्ट तंतूंनी भरतो. तिखट घास सोसत नाही, गाल चामड्यासारखा ताठर होतो आणि तोंड उघडेनासे होते. १९५६ साली टाटा रुग्णालयातील डॉ. जे. सी. पेमास्टर यांनी अशा ताठरलेल्या मुखात पुढे कर्करोग उद्भवल्याची नोंद केली. म्हणजे बी उगवण्यापूर्वीच भूमी पालटलेली असते!

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधकांनी केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा केला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाच जणांस मुखाचा कर्करोग झाल्याचे आढळले. विकाराचे मूळ सुपारीत आहे. तिच्यातील अरेकोलीन हे द्रव्य तंतू विणणाऱ्या पेशींस चेतविते, आणि तिच्यातील तांब्यामुळे ते तंतू एकमेकांस अधिक घट्ट जखडले जातात. सुपारी अस्तराच्या पेशींसही अपाय करते. एकाच वेळी बी बिघडते आणि भूमीही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातील प्रयोगशाळांनी या विचारास पुष्टी दिली. गाठ वाढावयाची तर तिला नव्या रक्तवाहिन्या ओढून घ्याव्याच लागतात, म्हणून ही रसद तोडावी, असे बोस्टनच्या जुडा फोकमन यांनी १९७१ साली मांडले. अशी रसद रोखणारे पहिले औषध २००४ साली अमेरिकेत मान्य झाले. १९८४ साली मिना बिसेल व त्यांच्या सहकारी यांनी कोंबड्यांत अर्बुद उत्पन्न करणारा विषाणू अंड्यातील गर्भात टोचला, तेव्हा तेथे अर्बुद झालेच नाही. त्याच पेशी गर्भातून काढून काचपात्रात वाढविल्या, तेव्हा मात्र त्यांचे उपद्रवी रूप प्रकट झाले. परकोट सर्वस्वी शत्रूचाच असतो, असेही नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगात उंदरांमधील आधारऊतक नाहीसे केले असता रोग अधिकच उग्र झाल्याचे २०१४ साली दिसून आले. तट जसा आतल्यांचे रक्षण करतो, तसा त्यांस कोंडूनही ठेवतो.

रोगनिदानातही या परिसराची साक्ष मोलाची ठरते. सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहणारा तज्ज्ञ प्रथम हे तपासतो की, दुष्ट पेशींनी अस्तराखालचा पातळ पडदा ओलांडला आहे काय. पडदा शाबूत असेल, तर रोग जागच्या जागी आहे. तो फुटला असेल, तर आक्रमण सुरू झाले. मुखाच्या कर्करोगात हे आक्रमण किती खोल गेले, याचे मापही आता रोगाची अवस्था ठरविताना धरतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात गाठीत व तिच्या कडेला संरक्षक पेशी किती जमल्या आहेत, यावरून रुग्णाच्या भवितव्याचा अंदाज बांधता येतो, हे २००६ साली फ्रेंच संशोधकांनी दाखविले. उलट, तंतूंनी गच्च भरलेल्या गाठीत सुई घातली, तर कधी नुसते तंतूच हाती लागतात व रोग निसटतो. अशा वेळी एका तुकड्याच्या निर्वाळ्यावर निर्धास्त राहणे घातक ठरते.

दौलताबादपासून सुमारे १५ किलोमीटरवरील औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९७८ सालापासून कर्करोगाची नोंदवही ठेवली जाऊ लागली. अशा नोंदवहीत रोग्याचे नाव चढते ते गाठ झाल्यावर. मुखाच्या बाबतीत भूमी त्यापूर्वीच इशारा देत असते, आणि तो घरच्या आरशातही वाचता येतो. निरोगी प्रौढ माणसाचे तोंड साधारणतः त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतील इतके उघडते. ज्याला ती मावेनाशी झाली, तिखट झोंबू लागले किंवा गालात दोरीसारखे पट्टे लागू लागले, त्याने सुपारी त्याच दिवशी टाकावी आणि वैद्यास तोंड दाखवावे. घट्ट झालेले तंतू पुरते पूर्ववत होणे दुर्मिळ असते, म्हणून पुढे वर्षानुवर्षे तपासणी चालू ठेवणे अगत्याचे आहे. बाहेरचा कोट ढासळताना जो सावध होतो, त्याच्यावर किल्ला स्वाधीन करण्याची वेळ सहसा येत नाही.