अमेरिकेंतील ढोल-बिगुल पथकें आणि मोठ्या आवाजाचा वाद

(१) गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें अमेरिकेहून परत येतांना एक पेटी आमच्या स्वाधीन केली. तींत ध्वनिमुद्रित तबकड्या, चढाओढींच्या छापील कार्यक्रमपत्रिका, गुणांचे कांहीं तक्ते व एक जुना पितळी बिगुल इतकें साहित्य होतें. सोबतच्या पत्रांत मजकूर असा कीं, त्याच्या शेजारीं दोन वृद्ध गृहस्थ राहतात. तरुणपणीं एक मॅडिसनच्या पथकांत बिगुल वाजवीत असे, दुसरा अटलांटाच्या. कोणाच्या पथकाचा नाद मोठा, हा वाद दोघांमध्यें चाळीस वर्षें चालू आहे. तथापि दर रविवारीं दोघे एकाच टेबलावर जेवतात. गुरुजींनीं साधनें पाहून निवाडा द्यावा, अशी विद्यार्थ्याची विनंति होती.

असल्या विषयाचें या त्रैमासिकांत काय प्रयोजन, असें वाचक विचारतील. त्यास उत्तर इतकेंच कीं, वाद परदेशचा असला तरी प्रश्न आपल्याच घरचा आहे. जो नाद हवेंत विरून गेला, त्याविषयीं आज कोणत्या पुराव्यावर काय बोलतां येईल? कागदांच्या शोधांत आयुष्य घालविलेल्या वाचकांस हा प्रश्न परका वाटणार नाहीं, असा आमचा भरंवसा आहे.

(२) प्रथम पथकांचें स्वरूप सांगणें अवश्य आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग केले आहेत. या पथकांच्या मूळ नियमांत तत वर्गास थारा नव्हता. सुषिर वर्गांतूनही बांसरी, सनई यांच्या जातीचीं वाद्यें वगळून केवळ पितळी तेवढीं घेतलेलीं होतीं. त्यांच्या जोडीस ढोल, झांजा व निशाणें. आणि सर्वांनीं वाजवितां वाजवितां मैदानांत आकृति रचीत चालावयाचें.

या प्रथेचा उगम लष्करी आहे. पहिलें महायुद्ध संपल्यावर इ. स. १९१९ मध्यें पॅरिस येथें अमेरिकन सैनिकांनीं 'अमेरिकन लीजन' ही संस्था स्थापिली. घरीं परतलेल्या सैनिकांनीं गांवोगांवच्या शाखांतून पथकें उभारलीं, आणि इ. स. १९२१ मध्यें कॅन्सस सिटी येथील अधिवेशनांत त्यांची राष्ट्रीय चढाओढ झाली. त्याच दिवसांत, १ नोव्हेंबर १९२१ रोजीं, तेथील युद्धस्मारकाची जागा अर्पण करण्याकरितां फॉश, पर्शिंग, बीटी, दियाझ व जाक हे दोस्त राष्ट्रांचे पांच सेनानी एकत्र आले होते. ज्या वाद्यांनीं दोनतीन वर्षांपूर्वीं सैनिकांस झोपेंतून उठविलें, तींच आतां शांततेच्या काळीं एकमेकांशीं स्पर्धा करूं लागलीं.

पुढें मुलांचीं स्वतंत्र पथकें निघालीं. विस्कॉन्सिन प्रांतांतील मॅडिसन स्काउट्स हें पथक इ. स. १९३८ मधील, शिकागोचें कॅव्हॅलिअर्स १९४८ मधील, वायोमिंगमधील कॅस्पर गांवचें ट्रूपर्स १९५७ मधील. इ. स. १९७१ मध्यें या पथकांच्या चालकांनीं 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' नांवाची स्वतःची संस्था काढली. तिची पहिली चढाओढ इ. स. १९७२ मध्यें विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथें झाली व ती अनाहाइमच्या किंग्जमेन पथकानें जिंकली. वादांतील दुसरा पक्ष, म्हणजे अटलांटाचें 'स्पिरिट' पथक, यानंतरचें, इ. स. १९७६ चें आहे.

(३) आतां मूळ मुद्दा. आवाजाच्या मोठेपणाची ईर्षा याच पथकांत इतकी कां वाढावी? आमच्या मतें याचें कारण वाद्यांतच आहे. खटका नसलेल्या बिगुलांतून ओठांच्या दाबानें नळीचे नैसर्गिक स्वर तेवढे निघतात. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर षड्ज, पंचम, तार षड्ज, तार गांधार व तार पंचम. इ. स. १८६२ मध्यें व्हर्जिनियांतील हॅरिसन्स लँडिंगच्या छावणींत जनरल बटरफील्ड यांनीं रूढ केलेली 'टॅप्स' नांवाची रात्रीची खूण अवघ्या चार स्वरांत बसविलेली आहे. जेथें ऋषभ नाहीं, मध्यम नाहीं, धैवत नाहीं, तेथें वादकानें वादकाशीं चढाओढ करावी ती कशांत? स्वराच्या शुद्धतेंत, सर्वांच्या एकवाक्यतेंत आणि दमांत. त्यांतही शुद्धता जाणकारास कळते, दम मात्र शेवटच्या बांकावर बसलेल्या श्रोत्यासही कळतो. सारांश, मोठ्या नादाची हौस ही स्वरांच्या दारिद्र्याची संतति होय.

पेटींतील बिगुलास आडवा बसविलेला एक खटका आहे. तो दाबला असतां वाद्याचा षड्ज चार स्वर खालीं उतरतो व त्यामुळें कांहीं नवे स्वर हातीं लागतात. पुढें हें दारिद्र्य क्रमाक्रमानें फिटत गेलें. इ. स. १९७७ मध्यें दोन खटक्यांस, १९९० मध्यें तीन खटक्यांस अनुज्ञा मिळाली, इ. स. २००० पासून तर कोणत्याही पट्टीचीं पितळी वाद्यें चालूं लागलीं. म्हणजे त्या वर्षीं जुन्या बिगुलाची सक्ति संपली आणि पुष्कळ पथकांनीं आपले बिगुल विकून टाकले. परंतु दारिद्र्य फिटलें तरी तिची संतति घरांत राहिलीच. सर्व स्वर हातीं असतांही मोठ्या नादाचा वाद मिटला नाहीं.

(४) वादकांची संख्या वाढविली म्हणजे नाद त्याच प्रमाणांत वाढतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाहीं. वादक दुप्पट केले तर नादाची पातळी अवघी ३ डेसिबलांनीं चढते. कानास दुप्पट मोठें वाटण्यास सुमारें १० डेसिबल लागतात, म्हणजे वादक दहापट हवेत. नियमानें पथकांतील माणसें बरींच वर्षें १२८ होतीं व त्यांत ढोलवाले आणि निशाणवालेही आले. तेव्हां माणसें वाढवून जिंकण्याची वाट बंदच होती. स्वर तंतोतंत जुळविणें, सर्वांनीं एकाच क्षणीं फुंकणें व तोंडें एका दिशेस वळविणें एवढेच उपाय हातीं होते. यावरून मोठा नाद हा केवळ छातीचा नसून शिस्तीचाही होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

(५) आतां साधनांची परीक्षा. बखरीपेक्षां अस्सल पत्रास अधिक मान द्यावा, हा दंडक कै. राजवाडे यांनीं आपणांस घालून दिला आहे. तो येथें लावून पाहूं.

पहिलें साधन दोन्ही गृहस्थांच्या आठवणी. या शुद्ध बखरी होत. प्रत्येकानें दुसऱ्याचें पथक समोरून ऐकलें. स्वतःचें मात्र आंत उभें राहून ऐकलें. कानाशीं शेजाऱ्याचा बिगुल वाजत असतां आपलें पथक मोठें वाटणें स्वाभाविक आहे. लबाडी नाहीं, पण पक्षपात आहे.

दुसरें साधन गुणांचे तक्ते. हे अस्सल आहेत, यांत शंका नाहीं. परंतु त्यांत 'मोठा नाद' असें सदरच नाहीं. इ. स. १९८३ पर्यंत परीक्षक चूक कानीं पडतांच कलमानें खूण करीत व तितके गुण वजा होत. १९८४ पासून ती पद्धति गेली. जोरानें फुंकतांना स्वर फुटण्याचा धोका अधिक, म्हणून जुन्या पद्धतींत जोराबद्दल बक्षीस नव्हतें, दंडाची भीति मात्र होती. तेव्हां तक्ते खरे बोलतात, पण आपण विचारतों त्या प्रश्नावर ते मुके आहेत. अस्सल कागदही सर्वज्ञ नसतो, हें आपण दप्तरें चाळतांना कधीं कधीं विसरतों.

तिसरें साधन तबकड्या. येथें आमची चूक आम्हांस कबूल केली पाहिजे. दोन तबकड्या एकामागून एक लावून आम्हीं अटलांटाच्या बाजूनें कौल दिला व तसें पत्रही विद्यार्थ्यास धाडलें. मागाहून ध्यानांत आलें कीं, तबकडीवर आवाज किती उंच ठेवावयाचा हें मुद्रण करणाराच्या हातीं असतें. फार मोठा नाद तर तो मुद्दाम दाबतो, नाहीं तर मुद्रण बिघडतें. म्हणजे तबकडीवरील मोठेपणा हा पथकाचा नसून कारागिराचा. आम्हीं लेखकाची साक्ष म्हणून नकलनविसाची साक्ष घेतली! दुसऱ्याच टपालानें तो निवाडा आम्हीं परत घेतला.

तथापि तबकडी अगदींच निरुपयोगी नाहीं. पितळी नळींत जोरानें फुंकलें असतां आंतील हवेची लाट पुढें जातां जातां तीक्ष्ण होत जाते. त्यामुळें वरचे अनुनाद वाढतात व स्वरास एक प्रकारची धार येते. ही धार कारागिराच्या हातानें सहसा पुसली जात नाहीं. आवाज कितीही खालीं आणला तरी जोरानें फुंकलेला स्वर आणि हळू फुंकलेला स्वर यांतील भेद कानास कळतो. नकलनविसानें अक्षर बदललें तरी मूळ लेखकाची भाषा ओळखूं यावी, तसाच हा प्रकार आहे. या कसोटीवर दोन्ही पथकें खरोखरीच जोरानें वाजवीत होतीं, एवढें निःसंशय सिद्ध होतें. अधिक कोण, तें मात्र सिद्ध होत नाहीं. कारण मैदानें निराळीं, ध्वनिग्राहकांचीं अंतरें निराळीं, रचनाही निराळ्या.

(६) मोठा नाद म्हणजे विजय नव्हे, हेंही नमूद केलें पाहिजे. ज्यांच्या रचनांनीं अटलांटाच्या पथकास प्रारंभींच कीर्ति मिळाली, ते जिम ऑट इ. स. १९८० मध्यें वारले. त्या पथकास राष्ट्रीय अजिंक्यपद कधींच मिळालें नाहीं, पण त्याच्या नादाची ख्याति मात्र राहिली. मॅडिसनला तें पद दोनदां मिळालें, १९७५ मध्यें व १९८८ मध्यें. दुसऱ्या वेळीं स्थळ कॅन्सस सिटी हेंच होतें, जेथें १९२१ मध्यें लीजनचे बिगुल प्रथम एकमेकांसमोर उभे राहिले. उलट पक्षीं इ. स. १९९३ मध्यें स्टार ऑफ इंडियाना या पथकानें बार्टोक व बार्बर यांच्या कृति घेऊन असें वादन केलें कीं, त्यांत नाजूकपणा व शांतताही होती. कित्येक प्रेक्षकांनीं त्याचा धिक्कार केला. मिसिसिपींतील जॅक्सन येथें त्यास ९७.३ गुण मिळाले व कॅडेट्स पथकास ९७.४, एक दशांश गुणानें अजिंक्यपद हुकलें. मोठ्या नादाची संवय जडलेल्या कानांस मंद नादही आव्हानासारखा वाटला, एवढाच याचा अर्थ.

पुढें इ. स. २००४ मध्यें ध्वनिवर्धकास व २००९ मध्यें विजेच्या वाद्यांस परवानगी मिळाली. तेव्हांपासून मैदानांतला नाद किती छातीचा व किती यंत्राचा हा नवा प्रश्न उभा राहिला आहे. जुना वाद त्यामुळें इतिहासाचाच विषय होऊन बसला.

(७) निवाडा लिहून झाल्यावर विद्यार्थ्याचें आणखी एक पत्र आलें. अटलांटाच्या गृहस्थांस हल्लीं कमी ऐकूं येतें; तबकडी लावली तर वरचे स्वर त्यांस कळत नाहींत. कारण बिगुल कीं वय, हें वैद्यांनीं सांगावें. ८५ डेसिबलांचा नाद आठ तासांहून अधिक सोसूं नये व पुढें दर ३ डेसिबलांस तो काळ निम्मा धरावा, असें आज तज्ज्ञ मानतात. तरुणपणीं त्यांस हें कोणी सांगितलें नव्हतें. मॅडिसनचे गृहस्थ आतां वाद घालीत नाहींत. ते शेजाऱ्यासाठीं तबकडीचा आवाज वाढवितात व कोणता स्वर कधीं आला तें बोटानें टेबलावर दाखवितात.

हें वाचून आमच्या ध्यानांत आलें कीं, साधनांची परीक्षा करतांना आम्हीं बखरीस फार लवकर बाजूस सारलें. कोण मोठें हें बखर सांगूं शकत नाहीं. पण मोठेपणा कसा लागे, छातींत काय होई, शेजारच्या वादकाकडे पाहून दम कसा धरीत, हें तक्ता सांगत नाहीं व तबकडीही सांगत नाहीं. तें जाणणारे साक्षीदार दिवसेंदिवस कमी होत आहेत. म्हणून दोघांनींही आपापली हकीकत तारीखवार लिहून सही करावी, अशी सूचना आम्हीं केली आहे. आपल्याकडील संग्रहांतून कर्णे व शिंगें मुकीं पडलीं आहेत. त्यांच्या नळीची लांबी, तोंडाची रुंदी व ज्याच्या घरून तीं आलीं त्याच्या तोंडची हकीकत, इतकें तरी प्रत्येक संग्राहकानें टिपून ठेवावें, ही आमची वाचकांसही विनंति आहे.

राहिला निवाडा. गीतेच्या पहिल्या अध्यायांत व्यासांनीं श्रीकृष्णाच्या व पांचही पांडवांच्या शंखांचीं नांवें वेगवेगळीं सांगितलीं आहेत. कोणाचा शंख मोठा वाजला हें मात्र सांगितलें नाहीं. सर्वांचा मिळून परिणाम काय झाला तेवढाच सांगितला. आम्हींही तोच मार्ग पत्करला आणि दोन्ही पक्ष समसमान ठरविले. रविवारच्या जेवणांत हा निवाडा वाचून दाखविण्यांत आला. दोघांसही तो मान्य नाहीं, असें कळतें. दोघांनींही फेरविचाराचा अर्ज केला आहे. बिगुल आमच्याकडेच आहे. तो आम्हीं एकदां फुंकून पाहिला. आमच्या दमास त्यांतून पंचम तेवढा निघाला.