निर्धास्त वाघाचा इतिहास

रणथंभोरला लोक येतात ते भरदिवसा, उघड्यावर वाघ पाहायला. मीही त्यासाठीच गेलो. राजबाग तलावाच्या काठाने एक वाघीण आमच्या जिप्सीजवळून, आमच्याकडे मानही न वळवता निघून गेली. तिच्या या निर्धास्तपणाला इतिहास आहे, आणि तो फार जुना नाही.

हे जयपूर दरबाराचे शिकारीचे रान. १९५५ मध्ये ते अभयारण्य झाले, तरी बडे पाहुणे बंदूक घेऊन येतच राहिले. जानेवारी १९६१ मध्ये राणी एलिझाबेथ जयपूरच्या महाराजांच्या पाहुण्या म्हणून आल्या, तेव्हा या मुलखात प्रिन्स फिलिप यांनी वाघ मारला. त्याच वर्षी वन्यजीवांच्या रक्षणासाठी ‘वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड’ स्थापन झाला आणि त्याच्या ब्रिटिश शाखेचे पहिले अध्यक्षही फिलिपच झाले.

१९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत रणथंभोर होते. पण कागदावर राखीव झालेल्या या जंगलात गावे होती, शेते होती, हजारो गुरे चरत होती. वाघ होते, पण थोडे, आणि तेही रात्रीच बाहेर पडणारे. फतेहसिंह राठोड यांच्या देखरेखीखाली सत्तरच्या दशकात लकर्दासारखी डझनभर गावे जंगलाबाहेर हलवली गेली. पिकांच्या जागी गवत वाढले, गवतावर चितळ-सांबर आले आणि काही वर्षांत वाघ दिवसाढवळ्या तलावाकाठी शिकार करताना दिसू लागले. जगभर गेलेली रणथंभोरची छायाचित्रे त्यानंतरची आहेत.

गावे उठली नसती, तर वाघ टिकला नसता असे राठोड मानत. वाघ वाढले, हे खरेच. पण ज्यांनी घर, विहीर, शेत आणि गावचा देव मागे सोडला, त्यांचे नाव सफारीच्या तिकिटावर कुठे नसते. आपण वाघाच्या इतके जवळ जाऊ शकतो, कारण ती माणसे त्याच्यापासून दूर गेली.

किल्ल्यावरच्या त्रिनेत्र गणेशाकडे मात्र भाविक आजही याच जंगलातून जातात. भाद्रपदातल्या चतुर्थीला तर लाखोंची रीघ लागते. लग्नाची पहिली पत्रिका या गणपतीला पोस्टाने पाठवायची इकडे प्रथा आहे. उठलेल्या गावांना जंगलात परतण्याचे उरलेले निमित्त बहुधा हेच: देवदर्शनाला येणे आणि दर्शन घेऊन माघारी जाणे.