बांधकामावरील सिलिका धूळ : धोका आणि दक्षता

वाळू, खडी, ग्रॅनाइट, विटा व काँक्रीट यांत सिलिका हे खनिज असते. फरशी कापताना, वायरिंगसाठी भिंतीत खाचा पाडताना किंवा जुने बांधकाम तोडताना त्याची धूळ हवेत मिसळते. जाड कण बहुतांशी नाकात व घशात अडकतात. मात्र डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर पोहोचतात.

त्यामुळे फुप्फुसे हळूहळू कठीण होतात. या विकारास सिलिकोसिस म्हणतात. लक्षणे बहुधा १० किंवा अधिक वर्षांनी दिसतात आणि विकार बरा करणारे औषध नाही. खोकला, धाप व वजन घटणे ही लक्षणे क्षयरोगासारखी असल्याने निदान चुकू शकते. शिवाय अशा रुग्णांना क्षयाचा धोकाही अधिक असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासावाटे शरीरात जाणारी स्फटिकरूप सिलिका धूळ कर्करोगकारक ठरवली. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये बाधितांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले.

धूळ उडूच न देणे हा पहिला उपाय होय. त्यासाठी पाण्याच्या धारेसह चालणारे कटर वापरावे आणि कोरडे झाडणे टाळावे. तोंडाला बांधलेला रुमाल सूक्ष्म कण रोखत नाही. आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क आवश्यक आहे. धुळीचे कपडे घरी नेऊ नयेत.

खोकला बरा होत नसल्यास कामगाराने डॉक्टरांना आपल्या कामाचे स्वरूप अवश्य सांगावे. योग्य निदान त्यावरच अवलंबून असते.